सोलापूरकरांनो, कॉम्प्युटर चालू होईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघून घ्या

"कॉम्प्युटर चालू होईना" एवढंच फोनवर सांगतात लोकं, आणि त्यावरून खरं तर काहीच कळत नाही. कारण या एका वाक्यात चार वेगळ्या भानगडी असतात. कुणाचं बटण दाबलं तरी लाईटच लागत नाही, कुणाचा फॅन फिरायलाय पण स्क्रीन काळीच, कुणाचं चालू होतंय आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडतंय, आणि कुणाचं कंपनीचं नाव येतंय, खाली गोल फिरत बसतंय आणि विंडोज काही उघडत नाही. चारही ठिकाणी इलाज वेगळा आहे. तरी आपल्याकडं चारही वेळा सल्ला एकच मिळतो, फॉरमॅट मारून घे म्हणून. अहो, पहिल्या तीन भानगडींचा विंडोजशी काही संबंधच नाही! फॅन फिरून स्क्रीन काळी राहणारी मशीन फॉरमॅट मारून चालू होणार कशी, आणि तेवढ्यात तुमचा सगळा हिशेब, पोरांचे फोटो, जीएसटीची फाईल गेलेली असते.

मागावर तार तुटली की कामगार आधी कुठली तार तुटली ते शोधतो, अख्खा बीम काढून फेकत नाही. इथंपण तेच करायचं. बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर एका ठरलेल्या क्रमानं पुढं जातो. आधी एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर सप्लायचा डबा करंट देतो, मग मदरबोर्ड जागा होतो, तो प्रोसेसर, रॅम (मेमरीची लांबट पट्टी) आणि डिस्प्ले आहे का बघतो, मग बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेला छोटा प्रोग्राम, डिस्क शोधतो आणि सगळ्यात शेवटी डिस्कवरचं विंडोज सुरू होतं. तुमची मशीन यातल्या कुठल्या पायरीपर्यंत जाऊन अडली एवढं नीट बघितलं तरी निम्मं काम झालं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम काढली, केबल बदलली, बोर्डावरचा गोल सेल बदलला, सगळं एकदम केलं आणि चालू झालं तर नेमकं काय होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी, आणि या मी मनापासून सांगतोय. कॅबिनेट उघडायचं असेल तर नुसतं बटण बंद करून चालत नाही, मागची पिन काढायची, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. आपल्या कोरड्या हवेत अंगात स्टॅटिक साठतं, विशेषतः थंडीत, म्हणून रॅम किंवा बोर्डला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यायचा. दुसरी गोष्ट, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, पिन काढलेली असली तरीसुद्धा. त्याच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि ते पिन काढल्यावरही काही वेळ टिकून राहतं. बाहेरून ब्लोअर मारा, आत हात नको.

लाईटच लागत नसेल तर

सगळ्यात आधी ज्या बोर्डात पिन लावलीय त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. हसू नका, कितीतरी "बिघडलेले" कॉम्प्युटर इथंच बरे होतात. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डच्या पट्ट्या ढिल्या होतात, पिन आत दिसते पण टेकलेली नसते. मग कॅबिनेटच्या मागं लागणारी कॉर्ड दाबून बसवा, कारण टेबल सरकवलं, झाडू मारला की ती थोडी बाहेर येते. बऱ्याच मॉनिटरलापण तशीच कॉर्ड असते, मॉनिटर चालू असेल तर त्याची काढून इथं लावा, कॉर्ड खराब आहे का नाही ते लगेच कळतं. एसएमपीएसला मागं छोटा स्विच असेल तर तो रेघेच्या बाजूला दाबलेला पाहिजे, गोलाच्या बाजूला नाही. जुन्या काही डब्यांवर ११५ आणि २३० असा लाल सरकणारा स्विच असतो, तो कायम २३० वरच ठेवायचा, पोरांनी खेळता खेळता ११५ वर नेला आणि बटण दाबलं तर जागेवर फट्ट.

यूपीएस असेल तर त्याला बाजूला काढा आणि कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती साधारण दोन-तीन वर्षं चालते आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर जाते, उष्णता तिची शत्रूच आहे. बॅटरी पूर्ण मेली की काही यूपीएस लाईट असतानासुद्धा चालू होत नाहीत आणि माणसाला वाटतं सीपीयूच गेला.

सरळ लावूनही काही नाही? मग परत पिन काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दोन-चार मिनिटं थांबा, पिन लावून बघा. लाईट जाऊन झटक्यात परत आली की एसएमपीएसचं प्रोटेक्शन अडकून बसतं, ते एवढ्यानंच सुटतं कधी कधी.

आता बाजूचा पत्रा काढा. पिन लावलेली असताना बऱ्याच मदरबोर्डांवर बारीक लाईट लागतो, किंवा मागं लॅनच्या पोर्टपाशी नाहीतर माऊसखाली उजेड दिसतो. तो दिसला म्हणजे बोर्डापर्यंत करंट येतोय, आणि मग पहिला संशय पुढच्या बटणावर घ्यायचा. बटणाची वायर बोर्डाच्या कोपऱ्यात दोन पिनांवर बसलेली असते, तिथं पॉवर स्विच असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तो कनेक्टर काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं, फक्त त्या दोनच पिनांना, आजूबाजूला नको. मशीन चालू झाली तर बटणच खराब आहे, बाकी सगळं ठणठणीत. यावर एक बिनपैशाचा उपाय आहे, रिसेट बटणाची वायर काढून या पिनांवर लावायची, मग रिसेटच तुमचं पॉवरचं बटण. वर्षानुवर्षं चालतं असं.

पुढच्या यूएसबी पोर्टात पण वाकून बघा. त्यातली पट्टी वाकून पत्र्याला टेकली असेल तर शॉर्ट होऊन बोर्ड चालूच होत नाही. पुढच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढून बघितली की समजतं.

एसएमपीएस तपासायची जुनी पद्धत सगळ्यांना माहितीय, २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही एक काळी वायर क्लिपनं जोडायची. पण नीट करा. मेनची पिन काढलेली असतानाच मोठा कनेक्टर बोर्डातून काढा, क्लिप घाला, डिस्कला वगैरे गेलेल्या वायरीही काढा आणि मगच पिन लावा. डब्याचा फॅन फिरला म्हणजे डबा निदान उठतोय. मल्टीमीटर असेल तर काळी आणि पिवळी यांच्यात ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आणि केशरी साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट आले पाहिजेत. मात्र फॅन फिरला म्हणजे डबा शंभर टक्के चांगला असं समजू नका, लोड आल्यावर खाली बसणारे डबे भरपूर असतात, आणि उलट काही महागड्या डब्यांचा फॅन लोड नसताना मुद्दामच बंद ठेवलेला असतो. सगळ्या वायरी काळ्याच असतील किंवा डेल ऑप्टिप्लेक्ससारखी ऑफिसमधून आलेली सेकंडहँड मशीन असेल, जिच्यात कित्येकदा २४ ऐवजी वेगळाच कनेक्टर असतो, तर हा प्रयोग करूच नका, त्याच मॉडेलचा दुसरा डबा लावून बघणं बरं.

फॅन फिरायलाय पण स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. आणि सगळ्यात जास्त पैसेही इथंच उकळले जातात, "बोर्ड गेला" असं सांगून.

पहिलं मॉनिटर. त्याचं मेनूचं बटण दाबल्यावर त्याचा स्वतःचा मेनू दिसतो का? नो सिग्नल असं लिहून येतं का? येत असेल तर मॉनिटर चांगला आहे. मग त्याचा इनपुट बघा, केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीएवर असं होतं, लाईट जाऊन आली की काही मॉनिटर स्वतःच दुसऱ्या इनपुटवर जाऊन बसतात. केबल कुठं लावलीय तेही बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये केबल कार्डाला लावायची, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्याच्यात डिस्प्ले नसतोच, तिथं बोर्डाच्या पोर्टमधून कधीच काही दिसणार नाही.

आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा लाईट लागतोय-विझतोय का? होत असेल तर मशीन आतून चालू झालीय, फक्त चित्र येत नाही, म्हणजे भानगड केबल, कार्ड किंवा मॉनिटरची. लाईट ढिम्म असेल तर मशीन आतच अडकलीय आणि मग रॅमकडं वळायचं.

रॅमचं काम सावकाश करा, घाई नको. पिन काढलेली, चार्ज घालवलेला. दोन्ही बाजूच्या खटक्या दाबून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हातानं घासा दोन्ही बाजूंनी, खोडरबराचा भुगा स्वच्छ कोरड्या ब्रशनं झाडून टाका, स्लॉटमध्येही ब्रश फिरवा. ओलं फडकं नाही, सँडपेपर तर अजिबात नाही, त्या पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो तो निघून गेला की रॅम कायमची गेली. परत बसवताना मधली खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, खट्ट असा आवाज आला पाहिजे. बऱ्याच वेळा रॅम बसल्यासारखी दिसते पण एका बाजूनं केसभर वर असते.

दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकच रॅम असेल तर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरायचा असतो. कंटाळवाणं काम आहे, पण रॅम खराब का स्लॉट खराब हे याच्याशिवाय कळत नाही. नवीन मशीन असेल, डीडीआर ५ रॅमवाली, तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड रॅम ओळखत असतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका, चहा पिऊन या.

जुन्या बोर्डाला छोटा स्पीकर लावलेला असला तर बीपवर कान ठेवा. थांबून थांबून लांब बीप वाजत राहिली तर बहुतेक वेळा रॅमच असते, एक लांब आणि दोन छोट्या असतील तर अवॉर्ड बायोसच्या बोर्डांवर ती डिस्प्लेची तक्रार असते. प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा, म्हणून बोर्डाचं मॉडेल बघून त्याच्या मॅन्युअलमध्ये शोधा. नव्या बोर्डांवर बीपच्या ऐवजी चार बारीक लाईट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं असलेले, ज्याच्यावर लाईट थांबला तिथं मशीन अडली. हे मला फार आवडतं, अंदाज बांधायची गरजच नाही.

रॅमनं काम झालं नाही तर प्रोसेसरजवळ वेगळा ४ किंवा ८ पिनचा पॉवरचा कनेक्टर असतो तो बघा. साफसफाई करताना काढला आणि लावायचा राहिला की नेमकं हेच होतं, फॅन फिरतो आणि स्क्रीन काळी. मग ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून घासून बसवा. प्रिंटर, पेनड्राईव्ह, हार्डडिस्क, सगळं काढा आणि फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि मॉनिटर (एफवाल्या प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डपण) एवढ्यावर चालू करून बघा, आलं तर एकेक जोडत जा. बोर्डावरचे गोल कपॅसिटर वरून फुगलेत का, तिथं तपकिरी डाग आहेत का तेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या, फुगलेले असतील तर तिथं घरच्या उपायांची हद्द संपली, सोल्डरिंगवाल्याकडं द्या.

बोर्डावरचा सेल काढून पाच-दहा मिनिटं ठेवणं हा पण एक उपाय आहे, बायोसची सेटिंग मूळ जागी जाते. पण हे मी मुद्दाम शेवटी सांगतोय. सेटिंग उडाली की डिस्कचा मोड बदलतो काही मशीनमध्ये आणि चांगलं विंडोज उघडेनासं होतं. विंडोज ११ ची नवीन मशीन असेल तर डिस्क लॉक असू शकते आणि ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर मिळते, मोबाईलवरूनही बघता येते. आज मशीन चांगली चालायलीय तेव्हाच ती वहीत लिहून ठेवा, खरंच ठेवा.

चालू होतंय आणि बंद पडतंय

एक-दोन सेकंदात बंद पडून परत चालू, परत बंद, असं होत असेल तर वरचंच सगळं, रॅम, शॉर्ट, प्रोसेसरचा कनेक्टर, एसएमपीएस. पण पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल, आणि तेही दुपारी जास्त आणि सकाळी कमी, तर ती गरमी आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका, आणि कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात भिंतीला चिकटवून ठेवलेलं.

ज्यांच्या घरात नाहीतर शेजारी माग आहेत, अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोड एमआयडीसी, त्यांनी एक गोष्ट नक्की बघा. सुताची बारीक तूस हवेत उडते आणि प्रोसेसरच्या फॅनखाली, म्हणजे फॅन आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मधे, तिचा जाड थर बसतो. वरून बघितलं तर फॅन छान फिरताना दिसतो, वारं मात्र खाली जातच नाही. वरून ब्लोअर मारून तो थर निघत नाही, उलट अजून घट्ट बसतो. फॅन सोडवून हातानं किंवा ब्रशनं काढावा लागतो. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग जाते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यानं स्टॅटिक तयार होतं.

इंटेलच्या प्रोसेसरसोबत बॉक्समध्ये येणाऱ्या साध्या फॅनला चार कोपऱ्यात पांढऱ्या-काळ्या खुंट्या असतात, त्यातली एक जरी निसटली तरी फॅन तिरका होऊन प्रोसेसर तापतो. चारही हलवून बघा. हा फॅन पट्ट्यांसकट (म्हणजे कूलर) काढलाच तर त्याच्याखाली प्रोसेसरवर असलेली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवीन वाटाण्याएवढी लावायची, नवीन पेस्टशिवाय परत बसवायचा नाही. काम झाल्यावर बायोसमध्ये जाऊन तापमान बघा, तिथं ४०-६० च्या आसपास असेल तर ठीक, ८५-९० कडं चढत असेल तर अजून काहीतरी राहिलंय.

कंपनीचं नाव येतंय पण विंडोज नाही

इथंपर्यंत आली म्हणजे रॅम, बोर्ड, डिस्प्ले सगळं पास झालं, जीव भांड्यात पडू द्या. आधी सगळे पेनड्राईव्ह काढा. नो बूटेबल डिव्हाइस असा मेसेज कित्येकदा मागं विसरलेल्या पेनड्राईव्हमुळंच येतो. तरी येत असेल तर मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहा, एचपी असेल तर एफ १०, म्हणजे बायोस उघडतो. तिथं तुमच्या डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर साटाची केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी, आणि पॉवरची वायर काढून घट्ट लावा, केबल बदलून बघा, साटाची केबल स्वस्तात मिळते. दिसत असेल तर बूटच्या यादीत ती पहिली आहे का बघा. बाकी सेटिंगला हात लावू नका, लेगसी-यूईएफआय वगैरे बदलत बसलात तर जे चालू होणार होतं तेपण होणार नाही.

बायोसमधली तारीखपण बघा. दहा वर्षं जुनी तारीख दाखवत असेल, सुरू होताना एफ १ दाबा म्हणून थांबत असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपलेल्या मशीनमध्ये विंडोज उघडलं तरी बँकेच्या नाहीतर सरकारी साईट उघडत नाहीत, कारण तारीखच चुकीची, आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

विंडोजचं चिन्ह येऊन गोल फिरत असेल तर आधी थांबा. जुन्या हार्डडिस्कवर अपडेट चालू असेल तर तासभरही लागतो, कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल लाईट लुकलुकत असेल तर काम चालू आहे. मधेच बटण दाबून बंद केलंत तर चांगलं विंडोज खराब होतं. पण लाईट थंड पडला आणि बराच वेळ काहीच हलत नाही, तर मग बटण दाबून धरून बंद करा. दोनदा असं अर्धवट बंद झालं की तिसऱ्यांदा विंडोज १० आणि ११ मध्ये निळा दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो. तिथं ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर. नाही झालं तर अनइन्स्टॉल अपडेट्स, विशेषतः कालच अपडेट झालं असेल तर. मग सिस्टिम रिस्टोअर. सेफ मोडमध्ये उघडत असेल तर ड्रायव्हर किंवा नवीन टाकलेलं काहीतरी नडतंय, ते काढा. निळ्या पडद्यावर इंग्रजी कोड आला तर मोबाईलनं फोटो काढून ठेवा, दुकानदाराला "निळं आलं" सांगण्यापेक्षा तो फोटो हजार पटीनं कामाचा.

रिसेट धिस पीसी मध्ये कीप माय फाइल्स असं लिहिलेलं असतं त्यावर विसंबून राहू नका. टॅली, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं उडतं, आणि टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय त्यावर त्याचं नशीब.

अजून एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून "विंडोज १० बंद झालं म्हणून तुमचं चालू होईना" असं सांगून नवीन मशीन विकली जाते. तसं काही नाही. आपोआप येणारे सुरक्षेचे अपडेट थांबले, मशीन चालू व्हायचं त्यानं थांबत नाही.

फॉरमॅटच्या आधी डेटा

हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाईली, डाऊनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं साधारणपणे सी ड्राईव्हमध्येच असतं. "फक्त सी फॉरमॅट करतो, डी ला हात लावत नाही" असं दुकानदार म्हणतो तेव्हा तुमचं डेस्कटॉपवरचं सगळं जाणार असतं. चादरीच्या ऑर्डरींचा हिशेब, क्लासच्या फीची यादी, लग्नाचे फोटो डेस्कटॉपवरच असतात की आपल्या सगळ्यांचे. आणि एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क, असेल तर फॉरमॅटनंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काही परत येण्याची आशा जवळपास नसते, एसएसडी पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करून टाकते.

सोपा मार्ग असा. मित्राच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम, टाकून घ्या, फुकट आहे. पेनड्राईव्ह लावून बूट मेनूमधून, जो एफ १२, एफ ११ नाहीतर एफ ८ नं येतो, तो निवडा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं ट्राय म्हणायचं. मग तुमची डिस्क फोल्डरसारखी दिसते, हवं ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. डिस्क लॉक असेल तर मात्र तिथं ती ४८ आकडी की लागणार. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून साटा टू यूएसबी केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं.

हार्डडिस्कमधून टक-टक, टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, लगेच बंद करा. आतलं हेड अडकतंय, जितका वेळ चालू ठेवाल तितका डेटा खरवडला जातो. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडं, मधे कुणाला "एकदा बघतो" म्हणू देऊ नका.

अर्थिंग, व्होल्टेज आणि वळीव

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, हे आपल्याकडं इतकं नेहमीचं झालंय की लोक चप्पल घालून बसतात आणि विषय सोडून देतात. तो करंट म्हणजे घराचं अर्थिंग नाही याचा पुरावा आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं पत्र्यावर थोडं व्होल्टेज येतंच, अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं, नसेल तर तुमच्या अंगातून. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला तरी असंच होतं, मार्च ते जून त्याच्यात अधूनमधून पाणी ओतत जा. मल्टीमीटरनं फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी दोन-तीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. येत नसेल तर वायरमनला बोलवा. बोर्ड, रॅम आणि पोर्ट सारखे सारखे जात असतील तर हे आधी करून घ्या, नवीन पार्ट टाकत बसू नका.

संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू झाले की व्होल्टेज खाली येतं आणि साधा एसएमपीएस तग धरत नाही, मशीन रिस्टार्ट होते. त्याच वेळी ट्यूबलाईट-फॅन मंदावतायत का बघा. दिवे अचानक जास्तच प्रखर झाले तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो, मेन स्विच पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग आले, कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा आणि ब्रॉडबँडची लॅन केबलपण काढा. विजेचा झटका त्या केबलमधूनही आत येतो आणि बोर्डाचा लॅन पोर्ट घेऊन जातो, हे कुणी सांगतच नाही.

दुकानात नेताना

मॉनिटर नेऊ नका, फक्त कॅबिनेट न्या. गाडीवर नेणार असाल आणि जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळं न्या, खड्ड्यात स्लॉट मोडतो. कागदावर लिहून न्या, कुठपर्यंत चालू होतं, काय काय करून बघितलं, आणि मोठ्या अक्षरात "डेटा पाहिजे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये". शक्य असेल तर डिस्क घरी काढून ठेवूनच न्या, काळ्या स्क्रीनची दुरुस्ती करायला डिस्क लागतच नाही. बदललेला जुना पार्ट परत मागा, नवीन पार्टचं बिल आणि वॉरंटी घ्या. एसएमपीएस घेताना डब्यावरचा ४५० वॅटचा आकडा बघू नका, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा, खरी ताकद तिथं कळते.

बोर्डच गेला असेल तर मशीन किती जुनी त्यावर ठरवा. इंटेलची दुसरी-तिसरी जनरेशन असेल तर नवीन बोर्डावर पैसे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, विंडोज ११ साठी अधिकृतपणे आठवी जनरेशन किंवा पुढचंच लागतं, त्या पैशात थोडी भर टाकून आठव्या-नवव्या जनरेशनची सेकंडहँड मशीन बघा. आणि जुनी मशीन भंगारात देताना चारच स्क्रू काढायचे असतात, डिस्क काढून घरी ठेवा.